चार्टवरचे वीस श्वास

परिचर्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला दोन वर्षे झाली. गेल्या महिन्यात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात माझी रात्रपाळी होती आणि ३२ रुग्णांमागे मी व एक मावशी एवढेच होतो. आतड्याला छिद्र पडल्यामुळे आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेले ५८ वर्षांचे एक शेतकरी रात्री दोनच्या सुमारास ‘सिस्टर, जीव घाबरायलाय’ असे म्हणाले. मी बीपी पाहिले, ते ११०/७० होते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ टक्के दिसत होता. दुखण्यामुळे होत असेल असे समजून मी त्यांना धीर दिला आणि चार्टवर श्वसन २० लिहिले. सकाळी सहाला त्यांचे बीपी ८० वर आले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते बरे होऊन घरी गेले, पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : तुमच्या पत्रातील क्रियापदांपाशी मी थांबले. बीपी तुम्ही ‘पाहिले’, ऑक्सिजन ‘दिसत होता’, श्वसन मात्र तुम्ही ‘लिहिले’. ते मोजले गेले नव्हते, आणि तुम्ही ते लपवलेही नाही, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. कोणत्याही वॉर्डातील जुने टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट काढून पाहिले तर ताप आणि नाडीचे आकडे वरखाली होताना दिसतात, श्वसनाच्या रकान्यात मात्र २०, २०, २० अशी ओळ खाली उतरत जाते. विद्यार्थिदशेत मीही अशी ओळ लिहिली आहे. एका परिसेविकेने मला परत खाटेशी नेऊन पूर्ण मिनिट मोजायला लावले, तेव्हा तो आकडा ३४ निघाला. त्या दिवसानंतर मी न मोजता श्वसन लिहिलेले नाही.

आता त्या रुग्णाच्या शरीरात काय चालले असावे ते पाहू. आतड्यातील घाण पोटात पसरून जंतुसंसर्ग रक्तात भिनू लागला की पेशींपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठू लागते. रक्तातील आम्लता उतरवण्याचा शरीराकडचा सर्वांत जलद उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे, म्हणून श्वास भराभर चालू लागतो. त्याच वेळी हृदय जलद चालून बीपी काही काळ सावरून धरते, आणि ऑक्सिजनचा आकडाही टिकतो, कारण तो टिकवण्यासाठीच रुग्णाची धडपड चाललेली असते. रक्तस्रावातही असेच घडते. प्रौढ माणसाच्या अंगातले सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचे बीपी बहुधा टिकते, पण त्याच्या कितीतरी आधी नाडी वाढलेली असते आणि वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर कमी होऊ लागलेले असते. रुग्ण अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी घेत असेल तर नाडीही वाढत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत श्वसनाचे मोल आणखी वाढते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्ण बिघडत असल्याची पूर्वसूचना देणारी गुणांकन पद्धत तयार केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात श्वसन १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर २ आणि २५ किंवा अधिक असेल तर ३ गुण दिले जातात. सर्व निरीक्षणांच्या गुणांची बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि ७ झाली की अतिदक्षतेचे पथक बोलवावे, असा तिचा संकेत आहे. शिवाय एकाच रकान्यात ३ गुण भरले, तरी डॉक्टरांना लगेच कळवायचे असते. तुमच्या रुग्णाचे त्या वेळचे ११० बीपी एका गुणाचे होते. श्वास मोजल्यावर २६ भरले असते, तर रात्री दोन वाजताच फोन उचलायला तुमच्या हाती भक्कम आधार असता. ही पद्धत तुमच्या रुग्णालयात लागू नसली तरी तिचा एक तक्ता झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मोजण्याची रीत साधी आहे, पण ती पाळावी लागते. श्वास मोजते आहे असे रुग्णाला सांगू नये, कारण सांगितले की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि त्याची लय बदलते. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवावे, त्याचा हात त्याच्याच छातीवर टेकवावा आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंदांना चाराने गुणले की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोजताना मानेचे स्नायू ताणले जातात का, श्वास उथळ आहे का, बोलताना वाक्य मध्येच तुटते का, हेही पाहावे. पोटावर टाके असलेला रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही आणि त्यातून पहिल्या एकदोन दिवसांत फुफ्फुसाचा खालचा भाग मिटू लागतो, म्हणून दुखणे आटोक्यात ठेवणे हासुद्धा श्वसनाचाच उपचार आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर फिकेपणा चटकन कळत नाही. त्यासाठी खालच्या पापणीची आतली बाजू आणि जीभ पाहावी.

रुग्णाने उच्चारलेल्या शब्दाविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या भागातला शेतकरी ‘मला श्वसनाचा त्रास होतो’ असे म्हणत नाही. तो ‘जीव घाबरायलाय’, ‘तलखी होयलीय’, ‘गळाल्यावानी वाटायलंय’ असे म्हणतो, आणि तेही दोनदा विचार करून म्हणतो, कारण सिस्टरला उगाच त्रास द्यायचा नाही अशी त्याची समजूत असते. रात्री दोन वाजता असा माणूस आपणहून बोलला, तर ते बीपीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे निरीक्षण मानावे आणि त्याच्याच शब्दांत नोंदवावे. खाली सतरंजीवर झोपलेली बायको ‘ह्यांचं काहीतरी येगळंच दिसायलंय’ असे म्हणाली, तरीही पुन्हा एकदा पूर्ण तपासावे.

३२ रुग्णांचे श्वास दर तासाला मोजणे एका परिचारिकेला शक्य नाही, आणि मनुष्यबळाची ही उणीव तुमचा दोष नाही. पण पाळी घेताना जाणाऱ्या सिस्टरबरोबर खाटेखाटेशी उभे राहून रिपोर्ट घेतला, तर चारपाच रुग्ण वेगळे काढता येतात : शस्त्रक्रियेला २४ तास न झालेले, ताप असलेले, वृद्ध मधुमेही, रक्त चढत असलेले. त्यांचे श्वास रात्रीतून वारंवार मोजावेत आणि त्यांच्या युरोबॅगेकडे, म्हणजे लघवीच्या पिशवीकडे, लक्ष ठेवावे. लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिलिलिटर, याहून कमी झाली तर नुसते नोंदवून थांबू नये.

डॉक्टरांना फोन करताना ‘पेशंट बरा वाटत नाही’ असे सांगितले की ‘लक्ष ठेवा’ असे उत्तर येते. त्याऐवजी असे सांगावे : ‘खाट क्रमांक १४, आतड्याच्या छिद्राची काल शस्त्रक्रिया झालेले ५८ वर्षांचे रुग्ण. दहा वाजता श्वसन १८ होते, आता २८ आहे. नाडी ११८, बीपी ११०/७०, तीन तासांत लघवी ४० मिलिलिटर. मला हा जंतुसंसर्ग वाटतो. आपण आत्ता येऊन पाहावे.’ शेवटचे वाक्य बोलायला तरुण परिचारिका कचरतात, पण ते बोललेच पाहिजे. फोनची वेळ आणि मिळालेले उत्तर चार्टवर लिहावे.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. परभणीत तिच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्रीपासून ती असंबद्ध बोलते, सलाईनची नळी ओढते, दिवसा मात्र बरीच शांत असते. गावाकडची मंडळी ‘बाहेरचं’ आहे असे म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : हे बाहेरचे काही नाही, आणि ‘वयामुळे होतं’ असे म्हणून सोडून देण्यासारखेही नाही. वृद्धांमध्ये, विशेषतः खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, असा अचानक आलेला गोंधळ पुष्कळदा दिसतो. त्याला भ्रमावस्था म्हणतात आणि त्यामागे बहुधा शारीरिक कारण असते : छातीचा किंवा लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न शमलेली वेदना, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध. वर सांगितलेल्या गुणांकनातही नव्याने आलेल्या गोंधळाला थेट ३ गुण आहेत. तुम्ही सिस्टरना आजच जाऊन सांगा, आणि आई आधी कशी होती तेही सांगा. परवापर्यंत ती दुधाचा हिशेब तोंडी करत असेल, तर ही माहिती फक्त तुमच्याकडेच आहे, वॉर्डातल्या कोणाकडेही नाही.

तिचा चष्मा आणि कानाचे यंत्र घरी राहिले असेल तर आजच आणा. दिवसा खिडकीजवळ उजेडात ठेवा, रात्री दिवे मंद करू द्या, आणि रोज नवा माणूस बसवण्याऐवजी ओळखीचा एकच माणूस जवळ बसू द्या. हात बांधायला सांगू नका, त्याने घबराट वाढते. ती एके दिवशी अगदी गप्प, सुस्त झाली तर बरी झाली असे समजू नका, कारण भ्रमावस्थेचे शांत रूप अधिक वेळा नजरेतून सुटते. दर दोन तासांनी सिस्टरच्या मदतीने कूस बदला आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवा.

प्रश्न : मी लातूर येथे जीएनएम या परिचर्येच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डात नाडी आणि श्वसन मोजण्यासाठी मोबाईल चालेल का, की घड्याळच घ्यावे?

उत्तर : घड्याळच घ्या, आणि तेही मनगटाचे नको. मनगटावर काही असले की हात कोपरापर्यंत नीट धुता येत नाहीत. गणवेशावर पिनने अडकवायचे, सेकंद काटा असलेले घड्याळ घ्या. मोबाईल एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेतो, आणि तुम्ही मोजत आहात की काही वाचत आहात हे रुग्णाला कळत नाही. सोबत एक छोटी वही ठेवा आणि मोजलेला आकडा खाटेशीच लिहून घ्या. टेबलापाशी येऊन आठवून लिहिलेला आकडा पुष्कळदा २० होतो.