भोपळा असेल तर भोपळाच लिही

तुझा प्रश्न वाचून दोन दिवस झाले. सांगलीच्या विश्रामबागेतलं घर आवरून जूनमध्ये मेलबर्नला निघायचंय, मुलगी तिसरीत आहे, दहा-बारा खोकी जहाजानं पाठवावीत का आणि इथे आल्यावर ती कस्टममधून सोडवायची कशी, असं तू विचारलंस. आणि शेवटी एका ओळीत, 'तिथं एकटं वाटतं का हो ताई?' मी दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. आज सलग लिहिते. लांबेल, पण वाच.

मागाहून येणाऱ्या घरसामानाचा बी५३४ फॉर्म, पासपोर्टची प्रत, सामानाची यादी, बारा महिने वापरलेल्या वस्तूंवर ड्यूटी नाही, हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही.

आम्ही २०२२ च्या जूनमध्ये आलो. अकरा खोकी आणि लाकडी पेटीत बसवलेला तंबोरा. एजंट म्हणाला होता, 'सगळं आमच्याकडे लागलं, ताई.' मी त्या शब्दावर गेले. कागदावर मात्र भाडं फक्त मेलबर्नच्या बंदरापर्यंतचं होतं. आपलं सामान कमी असलं की ते दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमधून येतं. तो कंटेनर बंदरावरून एका डेपोत जातो, तिथे रिकामा होतो आणि मग प्रत्येकाचा माल वेगळा काढतात. कंटेनर उतरवण्याचे पैसे, डेपोचे पैसे, तपासणीचे पैसे आणि ठरलेले दिवस उलटले की रोजचं भाडं, हे सगळं इथे भरायचं असतं. ज्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं तिची ईमेल आली, आणि तिच्यातला आकडा वाचून मी खाली बसले. ह्यांचा पहिला पगार अजून व्हायचा होता. म्हणून कोटेशन घेशील तेव्हा मेलबर्नच्या बाजूचा एकेक खर्च कोण भरणार ते लेखी घे. फोनवरचं बोलणं धरू नकोस.

आता यादी. माझं सगळं इथेच चुकलं.

मी यादी केली होती ती आपण बस्ता बांधताना करतो तशी. 'भांडी, कपडे, देवाचं सामान, वाद्य – १, इतर.' या देशात बाहेरून कीड, माती, बी काही येऊ नये म्हणून फार काटेकोर तपासणी होते. कस्टम वेगळं आणि ही जैवसुरक्षेची तपासणी वेगळी. सामान अडकतं ते बहुतेक या दुसऱ्या दारात. त्यांना वस्तूचं नाव नको असतं, ती कशाची केली आहे ते हवं असतं. पोळपाट लिहून भागत नाही. पोळपाट, लाकडी, साल नाही, वापरलेला, धुतलेला, असं लिही. सूप असेल तर बांबूचं. माळा असतील तर मण्यांच्या की बियांच्या, ते लिही. 'इतर' हा शब्द यादीत ठेवूच नकोस. तो दिसला की खोकं उघडलं जाणार. मुलीचे खेळायचे बूट, सायकलची चाकं टूथब्रशनं घासून काढ. आपल्याकडची काळी माती किती चिवट, ते तुला मी सांगायला नको. आणि प्रत्येक खोक्यावर नंबर घालून त्याच नंबरानं यादी कर, म्हणजे एका वस्तूसाठी अकराही खोकी फोडावी लागत नाहीत.

आमचा तंबोरा मिरजेचा. सतारमेकर गल्लीत माझ्या आईनं लग्नाआधी करवून घेतलेला. तुला माहीतच असेल, त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दांडी तुनाच्या लाकडाची, वर लाखेचं पॉलिश. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आईनं मला पेपरचं कात्रण फोटो काढून पाठवलं. पण २०२२ मध्ये डेपोतल्या माणसासाठी तो फक्त एक मोठा वाळका भोपळा होता, आणि यादीत भोपळ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी सामान सोडवून देणाऱ्या ब्रोकरमार्फत विचारलं की हे फळ आहे का, आत बिया आहेत का, आत कीड असल्यास कशी दिसणार. मी तंबोऱ्याचे फोटो पाठवले, वाजवतानाचा आईचा फोटो पाठवला. शेवटी धुरी द्यायची ठरलं. धुरीचे पैसे आपले, तितक्या दिवसांचं डेपोचं भाडंही आपलं. यादीत आधीच 'तंबोरा, तंतुवाद्य, वाळवलेला पोकळ भोपळा, बिया काढलेल्या, लाखेचं पॉलिश' एवढं लिहिलं असतं आणि बरोबर फोटो जोडला असता, तर निदान दहा दिवसांची प्रश्नोत्तरं वाचली असती. तंबोरा आला तेव्हा कुठे ओरखडा नव्हता. तारांखालचे जीव, म्हणजे स्वर खुलवणारे बारीक दोरे, मात्र निसटले होते. शिवणाच्या दोऱ्याचे नवे घातले. आईसारखी जवारी, तारांचा तो घुमारा, मला लागत नाही.

पावत्यांचंही सांगते. वस्तू बारा महिन्यांपूर्वीची आहे, हे दाखवायला कधी कधी पुरावा मागतात. माझं सासर सांगलीच्या गावभागातलं. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं त्यात पावत्यांची फाइल गेली. मी मुलाच्या वाढदिवसाचे जुने फोटो शोधले, मागे ओट्यावर मिक्सर दिसतोय असे, आणि स्वतःच्या सहीचं निवेदन जोडलं. त्यावर भागलं. तू आत्ताच घरभर फिरून एकेका वस्तूचा फोटो काढून ठेव. नवं काही घेऊन पाठवू नकोस. नव्या कुकरचं खोकं दिसलं की प्रश्न सुरू होतात.

मुलीच्या शाळेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी मी लिहिणार आहे. माझा मुलगा एप्रिलमध्ये चौथी पास होऊन आला होता. पाचवीच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास सुरू केला होता, गणिताचं पुस्तक विमानात त्याच्या दप्तरात होतं. इथलं शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं आणि वर्ग वयावरून ठरतो, ३० एप्रिलची तारीख धरून. त्याचा जन्म ऑगस्टचा, त्यामुळे त्याला पुन्हा चौथीत बसवलं. नियम म्हणून त्यात चूक काही नाही, हे मला आता कळतं. पण संध्याकाळी त्यानं विचारलं, 'आई, मी नापास झालो का?' मी हसून 'नाही रे' म्हटलं आणि विषय बदलला. तिथे मी चुकले. त्याला नीट बसवून समजावायला हवं होतं. त्याच आठवड्यात त्याला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या गटात घातलं, कारण तो विचारल्याशिवाय बोलत नव्हता. अरे, आपल्याकडे वर्गात विचारल्याशिवाय बोलू नये असंच शिकवतात! तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेलं पोर सहा महिने मान खाली घालून बसलं. बाईंना भेटून मी हे सांगायला हवं होतं. मी गेले नाही, कारण माझंच इंग्रजी त्यांच्यासमोर अडखळायचं. तू जा. अडखळलीस तरी जा. आणि तुझ्या मुलीला निघायच्या आधीच, सांगलीतच सांगून ठेव की वर्ग मागे गेला तरी ती मागे गेलेली नाही. लसीकरणाचं कार्डही हातातल्या बॅगेत ठेव, खोक्यात नको. शाळाप्रवेशासाठी इथल्या नोंदवहीतला लसीकरणाचा दाखला लागतो आणि तो त्या कार्डावरूनच करून घ्यावा लागतो.

एकटं वाटतं का? वाटतं. आपण जूनमध्ये येतो तेव्हा इथे थंडी असते आणि पाच वाजता अंधार होतो. पहिलं वर्ष जड जातं, पुढे सवय होते. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

तरी एक गोष्ट सांगायची आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

निघायच्या आदल्या दिवशी मिरजेत आईनं माझी ओटी भरली. खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. नारळ तिनं काढून घेतला, तो पाठवता येणार नाही एवढं तिला माहीत होतं. बाकीची गाठ मी देवघरात ठेवली आणि घाईत विसरले. आईनं ती खोक्यातल्या इरकलीच्या घडीत सरकवून दिली. मला सांगितलं नाही. बहुतेक सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून.

'सगळं सामान मी स्वतः बांधलं आहे आणि आत काय आहे ते मला माहीत आहे,' यावर माझी सही होती. तपासणीत ती गाठ सापडली. २०२० पासून अशा मागाहून येणाऱ्या घरसामानात तांदूळ आणायला बंदीच आहे. गहू, हरभरा, मूग, जिरं, धणे, वाळकी मिरची हेही त्याच यादीत. कारण खापरा भुंगेरा, साठवलेल्या धान्यात पडणारी कीड. ब्रोकरची ईमेल आली, दोनच पर्याय होते: परत पाठवा किंवा नष्ट करा. खर्च दोन्हीकडे माझाच. दंड झाला नाही, एक समज दिली. मूठभर तांदूळ परत पाठवायचे म्हणजे काय करायचं? रोजचं भाडं चढत होतं. मी रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून फोनवरच 'नष्ट करा' लिहिलं आणि पाठवलं. दोन शब्द. खण परत आला, गाठ सोडलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

वडिलांना मी त्याच रात्री सांगितलं. ते सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते, आयुष्य पोत्यांत गेलं. ते म्हणाले, 'त्यांचं बरोबर आहे. खापरा एकदा गोदामाच्या भेगेत बसला की अळी वर्षानुवर्षं उपाशी राहते, पण मरत नाही. त्यांच्याकडे नाही तो, मग का येऊ देतील?' थोडं थांबून म्हणाले, 'आईला काय सांगायचं ते तू बघ.'

आईनं पुढच्याच रविवारी विचारलं. ओटीच्या तांदळाचं काय केलंस? मी म्हटलं, खीर केली, तिघांनी खाल्ली. ती इतकी खूश झाली की तिनं शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं. तीन वर्षं झाली, मी खरं सांगितलेलं नाही. या दिवाळीनंतर ती इकडे येणार आहे. खण कपाटात आहे, तिनं पाहिला तर विचारेल, आणि समोरासमोर मला खोटं बोलता येणार नाही.

तर तू असं कर. तुझी आई, सासूबाई ओटी भरणारच, भरू दे. पण निघायच्या दोन दिवस आधी भरायला सांग. ते तांदूळ तिथेच शिजवा, खीर करा, सगळ्यांनी एका पंगतीत बसून खा. रिकामा खण धुऊन इस्त्री करून तुझ्या हातातल्या बॅगेत ठेव. आणि खोकी बंद करायच्या रात्री घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवून विचार की यात तुम्ही काही ठेवलंय का. रागावून नको, साधं विचार. चिकटपट्टी लावायची ती त्यानंतर.

यादी झाली की मला पाठव. मी ओळीनं वाचून कुठे काय जास्त लिहायचं ते सांगते. तिथे रात्र झाली असली तरी चालेल, मी जागी असते.