ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं) समुद्रात किंवा तलावात पोहताना वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) घालावा का? पोहणारे मित्र म्हणतात ती चीटिंग आहे.

गोव्याच्या हाफसाठी, म्हणजे अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅन रेससाठी, विचारत असाल तर प्रश्नच मिटला, घालूच देत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिरामारचं पाणी अंगाला कोमट लागतं, त्यात पाच मिलिमीटर रबर चढवून 1.9 किलोमीटर पोहणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं. पण तुम्ही लिहिलंय की त्यानंतर परदेशात थंड पाण्याची फुल, म्हणजे पूर्ण अंतराची रेस, करायची आहे. तिथे नियम घालू देत असेल तर घाला. विचार करत बसू नका.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण ‘चीटिंग’ शब्द वाचला आणि डोकं फिरलं, कारण असं म्हणणारा माणूस माझ्या घरातच आहे. माझे दाजी.

दाजी सांगलीचे, कृष्णेत वाढलेले. सरकारी घाटावर पोहायला शिकले, पावसाळ्यात आयर्विन पुलावरून उड्या मारल्या, आणि अजूनही डिसेंबरात मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेला जातात. मीही सांगलीचाच, पण आईने नदीकडे फिरकू दिलं नाही. आळीतला एक मुलगा पुरात गेला होता, तेव्हापासून तिने धास्ती घेतली. त्यामुळे पोहायला शिकलो ते पस्तिशी उलटल्यावर, पुण्यात, टँकवर, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये. सांगलीचा असून पोहता येत नाही, यावरून सासरमाहेरच्या सगळ्या लग्नांत माझी टिंगल झालेली आहे.

उशिरा शिकणाऱ्यांचा एक ठरलेला रोग असतो: पाय बुडतात. छातीत हवा असते म्हणून पुढचा भाग तरंगतो, कंबर आणि मांड्या खाली जातात, आणि माणूस तिरका होऊन पाणी ढकलत राहतो. वर सायकल चालवून मांड्या भरल्या असतील तर विचारूच नका. लहानपणी नदीत शिकलेल्याला हे कळतच नाही, कारण त्याचं शरीर आपोआप आडवं होतं. वेटसूट नेमकं इथे काम करतो. त्या रबरात बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते कंबर आणि पाय वर उचलतात. ऊब मिळते ती वेगळी. म्हणून ज्याचं पोहणं कच्चं त्याला फायदा जास्त, ज्याचं पक्कं त्याला कमी. दाजींच्या मते हाच अन्याय. माझ्या मते यात अन्याय काहीच नाही, नियमपुस्तकात छापलेली सोय आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे.

बसल्टनच्या फुलला आम्ही दोघांनी एकाच वर्षी नाव घातलं. पश्चिम ऑस्ट्रेलिया, पर्थच्या दक्षिणेला दोन-सव्वादोनशे किलोमीटर, रेस डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे तिकडचा उन्हाळा. तिथे समुद्रात जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर आत गेलेला लाकडी धक्का आहे. त्याच्या एका बाजूने जायचं, टोकाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं, की झाले 3.8 किलोमीटर. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. 2017 साली याच रेसचं पोहणं शार्क दिसल्यामुळे रद्द झालं होतं. ते मी ताईला सांगितलं नव्हतं, दाजींनी विमानात सांगितलं.

आदल्या दिवशी सरावाला उतरलो. मी वेटसूटमध्ये, दाजी नुसत्या ट्रायसूटमध्ये, म्हणजे तिन्ही प्रकारांत चालणाऱ्या पातळ कपड्यात. बाहेर आल्यावर ‘पाणी एक नंबर आहे’ म्हणाले आणि ताईच्या थर्मासमधला चहा एकट्याने संपवला. रात्री जेवताना विषय निघालाच.

“डबा बांधून पोहायचं आणि आयर्नमॅन म्हणून मिरवायचं व्हय, पाव्हणं?”

नदीवर नवशिक्या पोरांच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात, तो डबा. मग त्यांनी रोहन मोरेंचं नाव काढलं. पुण्याचे रोहन मोरे, 2018 साली जगातल्या सात अवघड खाड्या पोहून ओशन्स सेव्हन पूर्ण करणारे पहिले आशियाई. त्यांनी घातला होता का वेटसूट? नाही. इंग्लिश खाडीत पाणी पंधरा-अठराच्या घरात असतं आणि तिथल्या नियमात साधा कॉश्च्यूम, टोपी, गॉगल आणि अंगाला चोपडलेली चरबी, यापलीकडे काही चालत नाही. सगळं खरं. रोहन मोरेंपुढे मीही हात जोडतो. पण तो खेळ वेगळा, त्याचे नियम वेगळे. खाडीतून बाहेर पडून त्यांना 180 किलोमीटर सायकल चालवायची नव्हती.

मी दाजींना एवढंच म्हटलं की मग सगळीकडेच सोवळं पाळा. तुमची सायकल कार्बनची, हँडलला एरोबार, बुटात कार्बनची पट्टी, बाटलीत विकतचं जेल. तेव्हा ‘खरी सायकल’ आणि ‘खरं धावणं’ कुठे जातं? ताईच्या लग्नातली लेडीबर्ड अजून माळ्यावर आहे, तिच्यावर करा 180. पोहण्यातच हे सोवळं का, तर पोहणं तुम्हाला आधीपासून येतं म्हणून. ताई हसली, दाजी नाही हसले.

सकाळी किनाऱ्यावर काळ्या सूटांचा थवा आणि त्यात आमचे दाजी निळ्या ट्रायसूटमध्ये. एका आजोबा स्वयंसेवकाने त्यांना थांबवून विचारलं, “आर यू शुअर, मेट?” हे वाक्य दाजी आता मेडलसारखं सांगतात.

जाताना मला बरं वाटलं. टोकाला वळसा घेताना मात्र लाटा बाजूने यायला लागल्या, एकदा नाकातोंडात पाणी गेलं, आणि टँकवर शिकलेल्या माणसाला होतं तेच झालं: छाती आवळली, श्वास लागेना. मी उलटा झालो आणि आकाशाकडे बघत पडून राहिलो. वेटसूटमध्ये नुसतं पडून राहता येतं, हातपाय मारावे लागत नाहीत. श्वास ताळ्यावर आला तसा पुन्हा पोहायला लागलो. कट-ऑफ, म्हणजे पोहणं संपवायची मुदत, 2 तास 20 मिनिटांचा, त्याच्या बऱ्याच आधी बाहेर आलो. वेटसूट नसता तर त्या वळणावर मी मदतीला असलेली कयाक, म्हणजे छोटी होडी, धरून बसलो असतो, हे मी कोणापुढेही सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दाजी माझ्या कितीतरी आधी बाहेर आले होते. पण ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, त्यांना हेल्मेटचा पट्टा लावता येईना. बोटं बधिर, दात वाजतायत, बाकावर बसून हात काखेत धरलेत. ताईने कठड्यापलीकडून सगळं पाहिलं. दाजी म्हणतात तो वारा होता. असेलही. पुढे उन्हात अंग तापलं आणि त्यांनी रेस माझ्या आधी संपवली, भरपूर आधी.

आणि हाच त्यांचा पुरावा! ‘मी वेटसूटशिवाय पुढे, तू वेटसूट घालून मागे.’ अहो, ते लुगडं नेसून पोहले असते तरी माझ्या पुढेच आले असते. तुलना करायचीच तर वेटसूटमधले दाजी आणि बिनवेटसूटचे दाजी यांची करा. ती करायला ते तयार नाहीत. पुढे गणपतीत घरी मंडळी जमली, कोणीतरी माझं कौतुक केलं, तर भाच्यासमोर म्हणाले, “पाव्हण्यांचा डबा चांगला होता.” ते अजून विसरलेलो नाही.

असो. तुमच्या कामाचं सांगतो.

आयर्नमॅनच्या रेसमध्ये हौशी स्पर्धकांना पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर वेटसूट घालता येतो, 28.8 च्या वर कोणालाच नाही. मधल्या पट्ट्यात काही ठिकाणी घालू देतात, पण मग बक्षिसाचा आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या जागेचा हक्क जातो. 16 च्या खाली सक्तीचा. जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या रेसचे आकडे वेगळे आहेत, कमी अंतराला मर्यादा आणखी खाली येते, तेव्हा तुमच्या रेसचं पत्रक वाचा.

सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा सूट कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, खांदे फिरत नाहीत. ट्रायथलॉनचाच हवा. मापात उंचीइतकंच वजन बघा. कोरडा असताना इतका घट्ट वाटला पाहिजे की चूक केली असं वाटेल. मांड्यांपासून वर ओढत आणा, काखेत आणि कमरेच्या खळग्यात फट राहिली तर पाणी भरतं आणि तुम्ही ते ओझं घेऊन पोहता. पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो. नखं कापा. खाऱ्या पाण्यात मानेला कॉलर घासते, तिथे वंगण लावा. मी पहिल्यांदा नुसतंच उतरलो होतो, दुसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर लागू देत नव्हती. सुरू करण्याआधी पाण्यात उभं राहून गळ्यापाशी सूट ओढा आणि थोडं पाणी आत घ्या, चेहराही बुडवा, म्हणजे पहिला गारठा आणि छातीवरची पकड दोन्ही एकदम अंगावर येत नाहीत.

भारतात सराव कुठे करायचा, ही खरी अडचण. थंडीत पहाटे, परवानगी असलेल्या तलावात किंवा टँकवर, थोडा वेळच करा आणि गरम व्हायला लागलं की काढा. टँकवर लोक हसतील, हसू द्या. क्लोरीन रबराला खातं, घरी येऊन साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. पण रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, छाती आवळून घाबरायला होतं ते आधी इथेच होऊ द्या. एकाच रेसपुरता हवा असेल तर विकत घेण्याआधी तिथे भाड्याने मिळतो का बघा. साधासा, बिनफॅन्सी पुरतो, महागड्याचा फरक दाजींसारख्यांना कळतो, आपल्याला नाही.

एक राहिलं. वेटसूट मिळेलच हे धरून पोहण्याचा सराव कमी करू नका. पाण्याचं तापमान मोजून आयत्या वेळी जाहीर करतात, गरम आठवडा लागला तर सगळ्यांचे सूट बॅगेत राहतात. पूर्ण अंतर त्याशिवाय पोहता यायलाच हवं. इथे दाजींचं बरोबर आहे, एवढं मान्य. आणि थंड पाण्यात दम लागून खोकला यायला लागला, फेसासारखा गुलाबी कफ पडला, तर सूट घातलेला असो वा नसो, हात वर करून लगेच बाहेर पडा. फुप्फुसात पाणी जमण्याचा तो प्रकार असतो, त्यात हिंमत दाखवायची नसते. रक्तदाब असेल तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बाकी तुमच्या मित्रांना विचारा, त्यांच्यापैकी किती जण फुलला नाव घालतायत.

दाजी आता युरोपातल्या थंड पाण्याची एक रेस बघतायत असं ताईकडून कळलंय. दाजी, ताई तुम्हाला हे वाचून दाखवणारच, म्हणून इथेच सांगतो: 16 च्या खाली सक्ती असते, आणि माझा सूट तुम्हाला बसणार नाही. वेगळा बघा.