फिशिंग लॉजच्या (हौशी मासेमारांच्या मुक्कामाच्या जागेच्या) खासगी बेटावरची एवढीशी धावपट्टी विमानाला कशी पुरते? कऱ्हाडपेक्षा लहान असते का?

हो, कधी कधी कऱ्हाडच्या निम्म्याच्या आसपासच असते आणि तरी पुरते, कारण तिथं जेट येतच नाही, सेसना कॅरॅव्हॅन नाहीतर ट्विन ऑटरसारखं पंख्याचं विमान येतं. कऱ्हाडची धावपट्टी साधारण 1280 मीटर आहे, कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली. ट्विन ऑटर 19 सीटचं असून कॅरिबियनमधल्या सेंट बार्ट्स बेटावर जेमतेम 650 मीटरमध्ये रोज उतरतं. मी कऱ्हाडलाच फ्लाइंग शिकतोय, परफॉर्मन्स चार्ट, म्हणजे विमानाला किती धावपट्टी लागेल ते सांगणारे तक्ते, रोज हाताखालून जातात, त्यात उंची न् तापमान बघायचं असतं: बेट समुद्रसपाटीला म्हणून हवा दाट, थंड असली तर आणखीच दाट, पंखांना उचल जास्त मिळते, आपल्याकडं साडेपाचशे मीटरच्या वर आणि एप्रिलच्या उन्हात तेच विमान जास्त धावतं. फक्त एक, चार्टमधले आकडे कोरड्या पक्क्या धावपट्टीचे असतात. ओल्या गवतावर ब्रेक नीट लागत नाहीत, आणि खरी परीक्षा उतरताना नाही तर परत निघताना असते, माणसं, बॅगा, बर्फात भरलेल्या माशांची खोकी असं सगळं वजन करूनच चढवतात, जास्त झालं तर खोकी दुसऱ्या फेरीला, आणि त्यात पायलटशी वाद घालायचाच नाही.