पोस्टर प्रिंटला द्यायच्या आधी हे वाच

तुझं अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचलं. कॉन्फरन्सला सिलेक्ट झालंय याचा आनंद आहेच, पण शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबले. तुडतुड्याच्या जिनोममध्ये बॅक्टेरियाकडून आलेले डझनावारी जीन्स सापडलेत असं तू बिनधास्त लिहिलंयस. बाकीचं सगळं, म्हणजे असेंब्ली (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला जिनोम), एन-५० (ते तुकडे किती लांब जुळले याचं माप), बस्कोचा स्कोअर (जिनोम किती पूर्ण आहे याची चाचणी), लोक नजरेखालून घालतील आणि पुढच्या पोस्टरकडे जातील, कारण नुसता जिनोम वाचला एवढ्यावर आता कुणी फार वेळ थांबत नाही. पण हे वाक्य वाचून थांबतील, आणि थांबणाऱ्यातले निम्मे तरी तुला उलटतपासणीत घेतील हे धरून चल.

त्यांचा राग तुझ्यावर नसतो गं बाबा, ही मंडळी या विषयात पोळलेली आहेत. २०१५ मध्ये टार्डिग्रेडचा, म्हणजे आर्थ्रोपॉडांच्या त्या आठ पायांच्या इवल्याशा लांबच्या भाऊबंदाचा, जिनोम छापून आला आणि त्यातले जवळजवळ साडेसतरा टक्के जीन्स बाहेरून आलेत असा दावा होता. सगळीकडे बातम्या झाल्या. काही दिवसांतच दुसऱ्या एका गटाने त्याच प्रजातीचा स्वतःचा डेटा पुढे ठेवला, आणि कळलं की बहुतेक ‘परके’ जीन्स हे सँपलबरोबर आलेल्या बॅक्टेरियाचे होते, खरे बाहेरचे फार तर एक-दोन टक्के. तेव्हापासून या क्षेत्रात असा दावा ऐकला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरच्या डीएनएची भेसळ, तपासलंय का?’

आणि तुझा किडा तर त्या बाबतीत फारच अवघड आहे. तुडतुडे झाडाचा रस पितात, त्यात अमिनो अ‍ॅसिड्स पुरेशी नसतात, ती बनवून देणारे सहजीवी बॅक्टेरिया त्यांच्या अंगात खास अवयवात राहतात. सुल्सिया आणि नासुइया ही नावं तुला माहीत आहेतच. नासुइयाचा अख्खा जिनोम जेमतेम १ लाख १२ हजार बेसपेअरचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा), २०१३ मध्ये छापला तेव्हा बॅक्टेरियातला सगळ्यात छोटा. म्हणजे तुझ्या असेंब्लीत लाख-सव्वा लाखाचा एखादा कॉन्टिग, म्हणजे सलग जुळलेला तुकडा, बॅक्टेरियासारखा दिसत असेल आणि त्यात जीसी, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण, एकदम खाली, १७ टक्क्यांच्या आसपास असेल, तर तो तुडतुड्याच्या क्रोमोसोमचा तुकडा नाही, तो पूर्ण बॅक्टेरियाच तुझ्यासमोर बसलाय. तू अख्खे किडे चिरडून डीएनए काढलायस, त्यामुळे हे सगळं त्यात येणारच, वोल्बाकिया हा किड्यांच्या पेशींत राहणारा बॅक्टेरिया असेल तर तोही. बस्को चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नकोस, बस्को फक्त किड्याचे अपेक्षित जीन्स सापडले का तेवढंच बघतो, बरोबर आणखी कोण आलंय हे तो सांगतच नाही.

आता उलट बाजू पण सांगते, नाहीतर तू घाबरून सगळंच काढून टाकशील. ड्रोसोफिला अननासी नावाच्या माशीत वोल्बाकियाचा जवळपास सगळा जिनोम, दहा लाखांहून जास्त बेसपेअर, माशीच्याच क्रोमोसोममध्ये जाऊन बसलाय, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. जिनोम प्रोजेक्टमध्ये बॅक्टेरियासारखा डेटा दिसला की तो आधीच गाळून टाकतात, त्यामुळे असे तुकडे नजरेतून सुटतात. पण त्या लोकांनी काय केलं बघ, माश्यांना अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया घालवला आणि तरी ते जीन्स राहतात का बघितलं, क्रॉस करून बापाकडून पोरांत जातात का बघितलं, कारण वोल्बाकिया एरवी आईकडून अंड्यातूनच जातो, आणि क्रोमोसोमवर चमकणारा प्रोब, म्हणजे त्या जीनला चिकटणारा खुणेचा डीएनए, लावून जागा दाखवली. यातलं एकेक वेगळं बघितलं तर शंका काढता येते, तिन्ही एकत्र आल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

मावा हा रस शोषणारा किडाच घे. त्याचे कॅरोटीनॉइड (लाल-पिवळी रंगद्रव्यं) बनवणारे जीन्स बुरशीकडून आलेत हे २०१० मध्ये निघालं आणि त्यातला एक जीन असला तर मावा लाल, नसला तर हिरवा, इतका सरळ परिणाम. पांढऱ्या माशीत तर झाडाकडून आलेला जीन आहे, झाडाचंच विष निष्प्रभ करणारा, २०२१ चं काम. मला हे प्रकरण फार आवडतं, झाडाची ढाल झाडावरच. दोन्ही ठिकाणी लोकांनी नुसती यादी दिली नाही, तो जीन किड्यासाठी करतो काय हे दाखवलं. म्हणून तुझ्या डझनावारी जीन्सपैकी मला दोन-तीनच हवेत, पण पक्के.

पक्के म्हणजे काय, तर एकाच लाँग रीडमध्ये, म्हणजे एका दमात वाचलेल्या डीएनएच्या लांब तुकड्यात, अलीकडे-पलीकडे तुडतुड्याचे ओळखीचे जीन्स आणि मधे तुझा पाहुणा, असं चित्र दिसायला हवं, आणि असा एकच रीड असून भागणार नाही, बरेच हवेत, कारण लायब्ररी बनवताना, म्हणजे डीएनए वाचनासाठी तयार करताना, दोन तुकडे चुकून चिकटतात. त्या भागाचं कव्हरेज (तो किती वेळा वाचला गेला) शेजारच्या किड्याच्या जीन्सइतकंच हवं. इथे एक गंमत आहे, नराच्या डेटात एक्स क्रोमोसोमचं कव्हरेज तसंही निम्मंच येतं, तेव्हा निम्मं दिसलं म्हणून लगेच बाद करू नकोस, मादीच्या डेटात बघ. जीनमध्ये इंट्रॉन (बॅक्टेरियाच्या जीन्समध्ये सहसा नसणारे मधले तुकडे) आलेत का, आरएनएत त्याचं स्प्लायसिंग, म्हणजे ते तुकडे कापून टाकणं, दिसतं का हेही बघ. जवळच्या दुसऱ्या प्रजातीत त्याच जागी तोच जीन असेल तर उत्तमच. जंक्शनवर, म्हणजे किड्याचा आणि पाहुण्याचा डीएनए जिथे जुळतो तिथे, साधा पीसीआर तर या आठवड्यात होऊन जाईल, कॉन्फरन्सची वाट कशाला बघायची?

आणि पोस्टरवर एकूण जीन्सचा आकडा भल्या मोठ्या अक्षरांत टाकू नकोस प्लीज. मधमाशीचे जीन्स २००६ मध्ये दहा हजारच्या आसपास म्हणून छापले आणि २०१४ मध्ये नीट शोधल्यावर पंधरा हजारांवर गेले. डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा जीवाचं उलटं, आधी तीस हजारांवर सांगितले, पुढच्या असेंब्लीत बरेच कमी झाले. आकडा असेल तसा दे, कुठल्या पद्धतीने काढलास ते खाली लिही, बस.

कॉन्फरन्समध्ये टॉक्स ऐक पण सगळे ऐकायचा अट्टहास नको. मोठ्या टॉकमध्ये मिळतं ते बहुतेक पेपरमध्येही मिळतं, पोस्टरसमोर मिळतं ते कुठेच छापून येत नाही, उदाहरणार्थ डीएनए काढायचा कुठला किट लहान किड्यांना चालत नाही, किंवा अल्कोहोलमध्ये किती महिने पडून राहिलेल्या सँपलचा लांब डीएनए निघतच नाही. अ‍ॅनोटेशनचं (जिनोममध्ये जीन्स कुठे आहेत ते नोंदवण्याचं) वर्कशॉप असेल तर आधी नाव नोंदव, हाताने जीन मॉडेल दुरुस्त करणारी माणसं तिथे भेटतात, आणि असेंब्लीत काय काय बिनसतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कुणी अजून न छापलेला डेटा दाखवत असेल तर फोटो काढायच्या आधी विचार. पहिल्याच भेटीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मागू नकोस, आधी त्यांच्या किड्याबद्दल विचार, ते आपोआप बोलायला लागतील आणि मग थांबवणं तुझ्या हातात राहणार नाही.

समोर उभं राहून कुणी म्हणालं की हे सहजीवीच वाटतात, तर वाद घालू नकोस आणि हो-हो पण करू नकोस, लॅपटॉप उघडून तो कॉन्टिग दाखव. त्यांनी पटवून दिलं तर पेननं तिथेच तो जीन खोडून टाक, कुणी हसणार नाही, उलट दहा मिनिटांत फुकट रिव्ह्यू मिळाला. नाही पटवू शकले तर त्यांचा ईमेल घे आणि रीड्सचं चित्र पाठव.

सोमवारपर्यंत मला फक्त दोन गोष्टी पाठव, त्या दोन-तीन जीन्सचं कव्हरेजचं चित्र आणि जंक्शनच्या पीसीआरचा जेल, म्हणजे डीएनएचे पट्टे दिसतात तो फोटो. बॅन्ड फिकट आला तरी पाठव, क्रॉप करून नको, अख्खा जेल.