एक्सवर कुणी बोलत नाही? आधी दुसऱ्याला उत्तर दे

परभणीच्या मित्रा, तुझा प्रश्न असा की एक्सवर रोज मराठीत लिहितोस, पण खाली कुणी काही बोलत नाही, मग फॉलोअर वाढवायचे कसे? त्याचं नाव ट्विटर होतं तेव्हापासून मी तिथं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फॉलोअरचा विचार सध्या बाजूला ठेव. नव्या खात्याची पोस्ट फार थोड्यांपर्यंत जाते. उत्तराचं तसं नसतं. ते मूळ पोस्टखाली लागतं आणि तिथंवर वाचत आलेला माणूस त्या विषयात आधीच गुंतलेला असतो. पैसे भरून निळी टिक घेतलेल्यांची उत्तरं वर दिसतात हे खरं आहे, पण ज्याला उत्तर दिलं त्याला तुझीही सूचना जाते. ओळख तिथूनच होते.

मात्र उत्तरात काहीतरी असलं पाहिजे. ‘सोयाबीनचे भाव पडले’ या पोस्टखाली ‘अगदी बरोबर’ लिहून बोलणं पुढं जात नाही. लातूरच्या आडतीत आज काय भाव लागला, मॉइश्चर (दाण्यातला ओलावा) किती निघालं, माल यंदाचा की घरात ठेवलेला, हे लिही आणि शेवटी विचार, ‘जालन्यात काय चाललंय?’ मग उदगीरचा लिहितो, हिंगोलीचा लिहितो. माल आज न्यायचा की थांबायचं, हे ठरवायला शेतकऱ्याला त्याचा खरोखर उपयोग होतो.

१७ सप्टेंबरला हेच बघायला मिळतं. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली, म्हणून दरवर्षी शुभेच्छांची चित्रं पडतात आणि वाहून जातात. पण कुणी लिहिलं की रझाकारांच्या भीतीनं आजीच्या माहेरच्यांनी रातोरात गाव सोडलं होतं, की खाली लोक आपापल्या गावांची नावं घेऊन बोलायला लागतात. अशा घरच्या आठवणी बहुतेकांनी कुठंच लिहून ठेवलेल्या नसतात. मला एक्सवरचं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि यासाठीच मी तिथं टिकून आहे.

आपल्या बोलीत लिहिलं तर चालेल का, हे तू घाबरत घाबरत विचारलंयस. ‘काय करायलास’, ‘लई पाऊस पडायलाय’ असंच लिही. कुणी हसलं तर त्याला म्यूट कर. प्रमाण मराठीचा आव आणून लिहिलेली पोस्ट आपल्याच माणसांना परकी वाटते.

जागेचं गणित मात्र समजून घे. २०१७ मध्ये एका पोस्टची मर्यादा १४० वरून २८० चिन्हांची झाली, पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘किल्लारी’ हा तीन अक्षरी शब्द आठ जागा घेतो. म्हणून विषय मोठा असेल तर थ्रेड, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या पोस्ट, कर, पण पहिल्याच पोस्टमध्ये मुद्दा येऊ दे. हॅशटॅग एखादाच पुरे.

कुणाचं चुकलं असेल तर त्याच्या पोस्टखाली उत्तर देऊन सांग, कोट करू नको, म्हणजे त्याची पोस्ट आपल्या पोस्टमध्ये घेऊन त्यावर लिहू नको. कोट केलं की तुझे सगळे फॉलोअर त्या माणसावर तुटून पडतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. सगळ्यांना सावध करायची गरज असते, तेव्हाच कोट वापरावं. पावसाळ्यात नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचे, दरवाजे उघडल्याचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, तेव्हा तारखेसकट कोट करणं योग्यच. तू स्वतः असला व्हिडिओ पुढं ढकलण्याआधी पैठणच्या कुणाला तरी विचार.

आणि कुणी तुला उत्तर दिलं की नुसतं लाइक करून सोडू नको, त्याच्याशी बोल. सुरुवातीला हेच दोन-चार लोक तुझी सोबत करतात. आज परभणीच्या पावसावर कुणी लिहिलं असेल तर तिथूनच सुरू कर. तुमच्याकडं किती पडला, ओढ्याला पाणी आलं का, एवढं लिहिलंस तरी चालेल.