भांडण झालं, पुढे काय?

नाती, घर आणि मनाचं आरोग्य यावर तुमचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं वाचताना जाणवलं की खूप जण फिरून एकाच जागी येतायत, घरात वाद होतात म्हणजे आमचं काहीतरी मुळातच बिघडलंय का. मी मानसशास्त्रात ज्या विषयावर रिसर्च करते त्यात हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर बरंच चांगलं काम झालंय, म्हणून या वेळी तेच प्रश्न घेतलेत. पत्रं थोडी छोटी केलीत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची आहे. आम्हा दोघांचे वाद होतात, मारहाण शिवीगाळ काही नाही, पण आवाज चढतात. म्हणून आम्ही ठरवलं की तिच्यासमोर भांडायचंच नाही. आता होतं असं की दोन-दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नाही. ती मात्र रात्री उठून आमच्या खोलीत डोकावून जाते. मग न भांडून मिळवलं काय?

मुलीला वाचवायचं म्हणून तुम्ही हे केलंत, त्यामागची काळजी कळतेय. पण तिला सगळं समजतंय. लहान मुलं शब्द कमी आणि घरातलं वातावरण जास्त ऐकतात.

मार्क कमिंग्ज नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अनेक वर्षं हेच तपासलं. मुलांना दोन मोठ्या माणसांच्या भांडणाचे व्हिडिओ दाखवायचे. काहींत शेवटी दोघं नीट बोलून मार्ग काढतात, काहींत एक जण नुसता विषय बदलतो किंवा नमतं घेतो, आणि काहींत भांडण तसंच लटकत राहतं. मग मुलांना विचारायचं की तुला काय वाटलं. जिथे खरंच मिटलं तिथे मुलं सगळ्यात शांत, जिथे अर्धवट मिटलं तिथे थोडी अस्वस्थ, आणि जिथे काहीच मिटलं नाही तिथे ती सगळ्यात जास्त चिडलेली आणि दुःखी. आणि अबोला, पाठ फिरवणं, रागाने नुसतं बघणं हेसुद्धा मुलं भांडण म्हणूनच मोजतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या लेखी ते दोन दिवस शांततेचे नाहीत, दोन दिवस लांबलेलं भांडण आहे, आणि ते कधी संपणार हे तिला कुणी सांगत नाहीये.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मिटवणं मुलांनी डोळ्यांनी बघायलाच हवं असंही नाही. मोठ्यांनी दार बंद करून आत मिटवलं आणि बाहेर येऊन हसतखेळत वागले, किंवा नुसतं सांगितलं की आमचं बोलणं झालंय, तरी मुलांच्या मनावरचा ताण कमी होतो असं दिसलं. तेव्हा आजच तिला तिच्या भाषेत सांगा. "आई-बाबा चिडले होते, त्यात तुझी काही चूक नव्हती, आता आम्ही बोललोय." एवढं पुरे, कोण बरोबर होतं ते सांगायची गरज नाही. फक्त खोटं सांगू नका, मिटलं नसेल तर म्हणा की अजून बोलतोय आम्ही, पण आम्ही दोघंही इथेच आहोत. ती रात्री डोकावून बहुतेक हेच बघून जाते.

आणि स्वतःवर फार कडक होऊ नका. एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आया आणि तान्ह्या बाळांचे व्हिडिओ अगदी सेकंदासेकंदाने तपासले. त्यांचा एक प्रयोग तर खूप गाजला, आईने बाळाशी आधी छान खेळायचं आणि मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, आणि मग मान वळवतं. बघवत नाही खरंच. पण त्याच कामातून हेही कळलं की अगदी छान नातं असलेल्या आई-बाळांचेही सूर जुळलेले असतात ते साधारण ३० टक्के वेळच. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवणं चालू असतं, आणि पुन्हा जुळतं हा अनुभव वारंवार आल्यामुळेच बाळाचा विश्वास तयार होतो.

प्रश्न: वाद सुरू झाला की नवरा पूर्ण गप्प. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मी जेवढं विचारते तेवढा तो आत जातो आणि मग माझा आवाज अजून वाढतो. त्याला माझी किंमतच नाही असं वाटायला लागलंय.

हा प्रकार इतका सर्रास दिसतो की अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरच अभ्यास केलेत, एक मागे लागतो आणि दुसरा मागे सरकतो. बहुतेक वेळा बायको मागे लागते आणि नवरा सरकतो, हे खरं, पण त्यांनी विषय बदलून बघितले तेव्हा नवऱ्याला जो बदल हवा होता त्या विषयावर हा फरक खूपच कमी झाला. म्हणजे याचं कारण नुसतं बाई-पुरुष असण्यात नाही, ज्याला बदल हवा तो पाठपुरावा करतो आणि ज्याला आहे ते बरं चाललंय तो विषय टाळतो.

दुसरी बाजू शरीराची. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी जोडप्यांना लॅबमध्ये समोरासमोर बसवून १५ मिनिटं त्यांच्या खऱ्याखुऱ्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं, अंगाला सेन्सर लावून, हृदयाचे ठोके, घाम सगळं मोजत. बाहेरून दगडासारखा दिसणारा माणूस आतून बऱ्याचदा प्रचंड खवळलेला असतो, ठोके मिनिटाला १०० च्या वर गेलेले असतात. अशा वेळी समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरतच नाही. गॉटमन सांगतात की एकदा त्यांनी मशीन दुरुस्त करायचंय असं सांगून वाद मध्येच थांबवला आणि अर्धा तास जोडप्यांना नुसती मासिकं वाचायला दिली. पुन्हा बोलायला बसले तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणंही पुष्कळ सुधारलेलं होतं.

तेव्हा गप्प बसला म्हणजे किंमत नाही, असा अर्थ लगेच लावू नका. पण नुसतं उठून जाणं हाही उपाय नाही, कारण मागे राहिलेल्याला ते सोडून दिल्यासारखंच वाटतं. दोघं शांत असताना हे ठरवा की ज्याला थांबायचंय त्याने परत यायची वेळ सांगूनच थांबायचं, निदान २० मिनिटांनी, आणि परत यायची जबाबदारी जो उठला त्याची. त्या मधल्या वेळात मनातल्या मनात उत्तरं तयार करत बसलात तर ठोके काही उतरत नाहीत, म्हणून दुसरं काहीतरी करा. तुमच्यासाठी एकच, पहिलं वाक्य "तू नेहमी" ने सुरू करू नका. हे फार छोटं वाटतं, पण पहिल्या तीन मिनिटांचा सूर पुढच्या सगळ्या बोलण्याला लागतो असं या रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय.

प्रश्न: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं चालू आहेत, भ्रम वगैरे आता नाहीत. पण तो दिवसभर पडून असतो, अंघोळ टाळतो. आई सतत बोलत राहते, आळशी झालास, मनात आणलं तर सगळं जमेल. डॉक्टर म्हणाले घरात टीका कमी करा. त्यावर आई रडायला लागली, म्हणजे माझ्यामुळे आजारी पडला का?

आईंना आधी हे सांगा, नाही. घरच्यांच्या बोलण्यामुळे स्किझोफ्रेनिया होत नाही. एकेकाळी आयांवर हा दोष सरळ टाकला जायचा, त्याने असंख्य घरांचं नुकसान झालं आणि तो सिद्धांत केव्हाच मागे पडलाय. डॉक्टर जे म्हणाले ते वेगळं आहे, ते आजार पुन्हा उफाळण्याबद्दल आहे.

हे काम लंडनमध्ये सुरू झालं. जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं की हॉस्पिटलमधून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट हे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतायत. सगळ्यांनाच धक्का होता तो. मग त्यांनी आणि पुढे क्रिस्टीन वॉन, ज्युलियन लेफ यांनी नातेवाइकांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यात काय सांगितलं याइतकंच कसं सांगितलं, आवाजाचा चढउतार कसा होता, हेही मोजलं. पुढे एक छोटी पद्धतही निघाली, नातेवाइकाला म्हणायचं की पाच मिनिटं या माणसाबद्दल बोला, तो कसा आहे, तुमचं कसं जमतं, आणि मध्ये अजिबात बोलायचं नाही. त्या पाच मिनिटांत सगळं येतं. टीका, राग, आणि तिसरी एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही, अती काळजी. त्याच्यासाठी मी जगणंच सोडलं, एक मिनिट त्याला एकटं ठेवत नाही, हेसुद्धा पेशंटवर ओझंच होतं. १९९८ मध्ये असे २७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जास्त टीका किंवा अती गुंतलेपण असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण साधारण ६५ टक्के आणि बाकीच्या घरांत ३५ टक्के आलं. फरक मोठा आहे, पण हेही बघा की शांत घरांतही उलटतो आणि टीकेच्या घरांतही काही जण नीट राहतात. शिवाय आजार जितका जास्त तितके घरचेही त्रासतात, गाडी दोन्हीकडून चालते.

आता आळशीपणाबद्दल. उत्साह जाणं, अंघोळ नको वाटणं, बोलणं आटणं ही याच आजाराची लक्षणं आहेत आणि भ्रम जितके औषधाने आटोक्यात येतात तितकी ही येत नाहीत. आवाज ऐकू येतात म्हटलं की घरच्यांना पटतं हा आजार आहे, पण माणूस पडून राहिला की तो स्वभाव वाटतो, आणि नेमकी तिथेच सगळी टीका होते. आईंना डॉक्टरांकडून हे एकदा नीट समजावून घेऊ द्या, त्यांना एकटीला वेळ मागून. घरच्यांना आजार समजावणं आणि रोजचे प्रश्न सोडवायला शिकवणं, यावर पुष्कळ चाचण्या झाल्यात, औषधांच्या जोडीला हे केलं की आजार उलटणं कमी होतं.

घरात लगेच करण्यासारखं म्हणजे सूचना छोटी आणि एकच. "जरा माणसासारखा राहा" याचं तो काय करणार? "गरम पाणी काढलंय, जेवणाआधी अंघोळ कर" हे करता येतं. केली तर तसं म्हणा. नाही केली तर उद्या पुन्हा विचारा, आज व्याख्यान नको. आणि आई दिवसभर त्याच्या समोर असतील तर दोघांनाही एकमेकांपासून रोज काही तास हवेत. लंडनच्या त्या अभ्यासात टीकेच्या घरातही जे पेशंट नातेवाइकासमोर आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी असायचे ते जास्त सावरलेले दिसले. ते काही तास तुम्ही उचला. आईला सल्ला देण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न: काही मिनिटं बघून जोडपं टिकेल की मोडेल हे ९० टक्के अचूक सांगता येतं असं वाचलं. खरं का?

तितकंसं नाही. ते आकडे गॉटमन यांच्या कामातून आले, पण त्यात ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं बहुतेक त्यांच्यावरच ते तपासलं होतं. २००१ मध्ये हेमन आणि स्लेप या संशोधकांनी दाखवून दिलं की तसंच सूत्र नव्या लोकांवर लावलं की अचूकता बरीच घसरते. तुच्छतेने बोलणं नात्याला घातक असतं, हे मात्र त्या आकड्याशिवायही पक्कं आहे, ते मनावर घ्या आणि भविष्य सोडून द्या.

प्रश्न: काउन्सेलरकडे जायचंय पण जोडीदार येत नाही. एकटीने जाऊन उपयोग आहे का?

आहे, जा. तुमचं उत्तर देणं बदललं की भांडणाचा ठरलेला क्रम तिथेच तुटतो, आणि पुष्कळदा दुसरा नंतर येतो. पहिल्या भेटीला मागच्या एकाच भांडणाचा तपशील घेऊन जा, कोण काय बोललं, त्यावर तुम्ही काय केलंत, कसं संपलं. सगळा इतिहास सांगण्यापेक्षा त्यातून काउन्सेलरला लवकर कळतं.

पण घरात मारहाण, धमकी किंवा भीती असेल तर एकत्र काउन्सेलिंगचा आग्रह धरू नका. तिथे खरं बोलल्याची शिक्षा घरी मिळू शकते. आधी एकटीनेच भेटा आणि पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा. जीव नकोसा झाला असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच डॉक्टर गाठा आणि विश्वासातल्या कुणाला तरी सोबत न्या.