दोन बाइट घेतले की बातमी निःपक्ष होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘चिपळूणच्या पुराबद्दल लोक म्हणाले धरणाचं पाणी सोडलं, अधिकारी म्हणाले नाही सोडलं. चॅनेलने दोघांनाही दाखवलं. मग पक्षपात कुठे झाला?’

मी काही वर्षं या भागात एका मराठी वृत्तवाहिनीसाठी स्ट्रिंगर होतो. स्ट्रिंगर म्हणजे पगार नाही, बातमी लागली तर पैसे. आणि बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेलं कुणाचं तरी छोटं म्हणणं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं उत्तर त्याच खुर्चीतून येणार. खुर्ची तरी कसली म्हणा, मोटारसायकलची सीट.

पक्षपात झाला नसेलही. पण बातमी अर्धीच राहिली.

२२ जुलै २०२१, पुराचा दिवस. कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाल्यावर उरलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला मिळतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्या रात्री ते किती सुटलं, किती वाजता सुटलं, हा काही मताचा प्रश्न नव्हे. वीजगृहात कुठलं युनिट कधी चालू होतं याची नोंद असते. पावसाचे आकडे महसूल मंडळाप्रमाणे मिळतात. आणि नदीचं पाणी अडवून धरणाऱ्या भरतीसाठी तर कुणाला विचारायचीही गरज नाही. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे त्रयोदशी, पौर्णिमा तोंडावर, उधाणाचे दिवस. खाडीकाठचा म्हातारा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडावर सांगतो. या तीन वेळा एका कागदावर शेजारी शेजारी मांडल्या असत्या, तर निदान भांडण कशावर आहे ते प्रेक्षकाला कळलं असतं. त्याऐवजी काय झालं? चिखलात उभ्या असलेल्या दुकानदाराचा बाइट, मग खुर्चीवर बसलेल्या साहेबांचा बाइट, मग ‘आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी’. यात माझाही हात आहे. दोन बाइट पाठवून मी मोकळा झालो. नोंदवही मागायला मीही गेलो नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत.

दोघांना सारखा वेळ दिला की आपण सुटलो, ही समजूत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये प्रसारणावर ऑफकॉम ही नियामक संस्था आहे. निःपक्षपातीपणा म्हणजे प्रत्येकाला घड्याळ लावून समान वेळ नव्हे, विषयाला शोभेल तेवढा तोल, असंच तिथली नियमावली सांगते. तरीही २०१७ मध्ये बीबीसी रेडिओवर माजी अर्थमंत्री लॉर्ड लॉसन म्हणून गेले की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान किंचित घटलंय. हे चूक होतं, पण मुलाखत घेणाऱ्याने टोकलं नाही. २०१८ मध्ये ऑफकॉमने बीबीसीवर ठपका ठेवला तो अचूकतेच्या नियमाखाली. दुसरी बाजू हवेवर यायला हरकत नाही, पण ती खोटं बोलत असेल तर तिथल्या तिथे सांगायला नको का?

आता शब्दांकडे या, कारण खरी गडबड तिथे असते. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. मधले दोन मीटर म्हणजे दुकानातला माल माळ्यावर चढवायला मिळणारा वेळ. मी फोनवर सांगायचो, ‘सर, इशारा ओलांडलाय, धोका नाही.’ स्क्रीनवर यायचं, ‘वाशिष्ठी धोक्याच्या पातळीवर’. एकदा डेस्कवरून विचारणा झाली, ‘पाणी कंबरेएवढं कुठे आहे? तिथून लाइव्ह दे.’ मी म्हटलं, ‘सर, घोट्याएवढंच आहे.’ तर म्हणाले, ‘मग खाली बसून दे.’ विनोद केला असेल. मी हसलो, बसलो मात्र नाही. त्या दिवशी माझी बातमी लागली नाही आणि संध्याकाळी २०२१ चीच जुनी दृश्यं फिरत होती, कोपऱ्यात ‘संग्रहित’ एवढा शब्दही न टाकता. मुंबईहून चाकरमान्यांचे फोनवर फोन. आमच्या घरी तर मामा रडायलाच लागला. हे कुठल्याच पक्षाच्या बाजूने नव्हतं. तरीही लबाडी होती.

राजापूर तालुक्यातल्या बारसूचं, रिफायनरीसाठीचं २०२३ सालचं माती परीक्षण आठवा. सड्यावर गावातल्या बायका उन्हात बसलेल्या, आणि चर्चेच्या चौकटींत सगळे मुंबईचे प्रवक्ते. प्रकल्प हवा म्हणणारे एक, नको म्हणणारे एक, तोल अगदी काट्यावर. राजापूरचा माणूस मात्र एकाही चौकटीत नाही, ना हवा म्हणणारा, ना नको म्हणणारा.

तर पाहताना मी स्वतः काय बघतो: दृश्यावर तारीख आणि गावाचं नाव आहे का, ‘सूत्रांनुसार’च्या पुढे काही ठोस आहे का, आणि तपासता येईल असा आकडा कुणी तपासलाय का. कुठल्या पक्षाला किती मिनिटं मिळाली हे मी शेवटी बघतो.

तक्रार करायची असेल तर नुसतं ‘चॅनेल विकलं गेलंय’ लिहू नका. तारीख, वेळ, कार्यक्रम, नेमकं कुठलं वाक्य चूक आणि बरोबर काय, एवढं लिहा. वाहिनी एनबीडीएसए या स्वनियमन संस्थेच्या कक्षेत असेल तर प्रसारणापासून ७ दिवसांत आधी वाहिनीकडे तक्रार जायला हवी. त्यांनी ७ दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढचे १४ दिवस त्या संस्थेकडे जायला असतात. बाकीच्या वाहिन्यांनाही २०२१ च्या केबल नियमांनुसार १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दंडाचा फार धाक आहे असं नाही. एनबीडीएसएचा कमाल १ लाख रुपयांचा दंड परिणामकारक नाही, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सुनावलं.

काम सोडल्यावर, तशीच जुनी दृश्यं दाखवणाऱ्या दुसऱ्याच एका वाहिनीला मी एकदा असा मेल टाकला होता. पाचव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ गायब झाला. टीव्हीवर दुरुस्ती काही दाखवली नाही. मामाला ती मीच फोन करून सांगितली.